सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर स्वतःचा गिट सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं रास्पबेरी पाय ४ आणि ५ (एकाच सर्किट बोर्डावरचे छोटे कॉम्प्युटर) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. डेबियनवर आधारलेली ६४-बिट सिस्टिम चालवणाऱ्या इतर बोर्डांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं. कमांड, सेटिंग आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असतेच. मग वेगळा सर्व्हर कशाला?

एकट्याने काम करत असाल तर खरंच अडत नाही. दोन-चार जण झाले की सगळ्यांनी पुश करायची (आपले बदल पाठवायची) एक ठरलेली जागा लागते. कोणाला कुठे लिहिता येईल, कोणत्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या धारेवर) थेट पुश चालणार नाही, हे नियम कुठेतरी ठेवावे लागतात. इश्यू (कामांच्या आणि चुकांच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) यांवरच्या चर्चाही लागतात.

या चर्चा, नियम आणि खाती डेटाबेसमध्ये राहतात, क्लोनमध्ये (प्रत्येकाने उतरवलेल्या प्रतीत) येत नाहीत. त्यामुळे सर्व्हर कोसळला तर कोड कोणाच्या ना कोणाच्या लॅपटॉपवर सापडतो, पण तीनशे इश्यूंचा इतिहास सापडत नाही. डिस्क, वीज आणि बॅकअप यांवर खाली एवढी किटकिट केली आहे ती त्यासाठीच. सॉफ्टवेअर बसवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे.

कोणता बोर्ड पुरतो?

दहा-बारा जणांपर्यंत ४ जीबीचा पाय ४ आरामात पुरतो. २ जीबीवरही चालतं. मात्र मोठ्या रेपॉझिटऱ्या (गिटमधले प्रकल्प) असतील तर मेमरी कमी पडते (ते पुढे आहे). पाय ३बी वर १ जीबी मेमरी असते, शिवाय त्याचं १०० मेगाबिटचं इथरनेट आणि यूएसबी २.० एकाच वाटेने जातात, म्हणजे नेटवर्कवरून आलेला डेटा डिस्कवर लिहिताना दोघांची ओढाताण होते. आधीपासून घरात असेल तर वापरा, मुद्दाम घेऊ नका.

पाय ४ ला खरं गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३.० मिळालं. पाय ५ ला त्यावर पीसीआय-एक्सप्रेसची एक लेन आहे, त्यामुळे हॅट (वर बसणारा जोड-बोर्ड) लावून एनव्हीएमई एसएसडी थेट जोडता येते आणि यूएसबी-साटा अडॅप्टरची सगळी कटकट टळते. नवीन घ्यायचाच असेल तर पाय ५ घ्यायचं खरं कारण हे आहे, प्रोसेसर नव्हे.

सगळं एसडी कार्डावरच ठेवलं तर?

शिकण्यापुरतं ठीक. कामासाठी नको.

गिट बारीक बारीक फाइली लिहितं. एका पुशमध्ये शेकडो ऑब्जेक्ट्स (गिट ज्यांत डेटा साठवतं ते तुकडे), मग रेफरन्स, मग डेटाबेसमधली नोंद. कार्डाची रँडम राइटची गती मुळात कमी, आणि प्रत्येक लहान लेखनासाठी आत मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागत असल्याने झीजही जास्त. कार्ड जातं तेव्हा बऱ्याचदा आधी सांगत नाही: एका सकाळी ते फक्त वाचता येण्याच्या अवस्थेत जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘लिहिलं’ असं सांगतं आणि रीबूटनंतर जुनाच मजकूर दाखवतं.

कार्डावर फार तर ऑपरेटिंग सिस्टिम ठेवा. रेपॉझिटऱ्या, डेटाबेस आणि एलएफएसचा (गिटच्या मोठ्या फाइलींचा) साठा एसएसडीवर. त्याहून बरं म्हणजे बूटच एसएसडीवरून करा. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये बूट ऑर्डर बदलता येते. डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट ठेवलीत तर फाइलींची मालकी आणि परवानग्या साठवल्याच जात नाहीत, मग हुक (पुशच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) चालत नाहीत आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) परवानग्यांवरून कुरकुरतं.

वीजपुरवठा कोणता? मोबाइलचा चार्जर चालेल ना?

पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर ‘६५ वॅट’ असं छापलेलं असलं तरी ती ताकद ९, १५ किंवा २० व्होल्टवर मिळते. ५ व्होल्टवर तो बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा सापडला नाही तर तो यूएसबी पोर्टांचा मिळून करंट ६०० मिलिअँपिअरवर आणतो. एसएसडीला लिहिताना त्याहून जास्त लागतो. मग होतं काय, की सगळं व्यवस्थित चाललेलं असतं आणि कोणीतरी मोठा पुश केला की नेमकी तेव्हाच डिस्क गायब होते.

तपासायला ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर शून्य आलं तर छान. ०x५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं होतं आणि प्रोसेसर दाबला गेला होता. ०x५०००५ म्हणजे ते या क्षणीही चालू आहे. आधी केबल बदलून पाहा. लांब आणि बारीक केबलमध्येच व्होल्टेज पडतं, चार्जर बिचारा निर्दोष असतो. तरीही नाही जमलं तर डिस्क स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या हबवर हलवा.

वीज जाण्याची शक्यता असेल तर छोटा यूपीएस लावा, आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. राउटर बंद पडल्यावर सर्व्हर जिवंत राहून कोणाच्याही उपयोगाचा नाही.

वीज ठीक आहे, तरी डिस्क मधूनच गायब होते.

‘डीएमईएसजी’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘यूएएस’ आणि ‘रिसेट’ हे शब्द वारंवार दिसत असतील तर दोष अडॅप्टरच्या चिपचा आहे. काही यूएसबी-साटा चिप यूएएस ही जलद पद्धत धड पाळत नाहीत. ‘एलएसयूएसबी’ने चिपचा आयडी काढा, आणि बूट विभागातल्या ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मध्ये ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ याच्यापुढे तो आयडी, मग अपूर्णविराम (:) आणि ‘यू’ असं जोडा. त्या फाइलीत सगळं एकाच ओळीत असावं लागतं. नवी ओळ सुरू केलीत तर बदल लागू होत नाही. गती थोडी कमी होईल, पण गिटच्या कामात ती जाणवत नाही.

वेबवरचं पान लागतंच का? नुसतं एसएसएच चालणार नाही?

चालतं, आणि तीन-चार जणांना ते कित्येकदा जास्त सोयीचं पडतं. ‘गिट’ नावाचा युजर तयार करा, प्रत्येकाची सार्वजनिक की त्याच्या ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये टाका, शेल ‘गिट-शेल’ ठेवा म्हणजे लॉगिन करून इकडे-तिकडे फिरता येत नाही. रेपॉझिटरी ‘गिट इनिट --बेअर’ने बनवा. बेअरच (कामाच्या फाइली नसलेली, फक्त इतिहासाची) हवी: साध्या रेपॉझिटरीत जी ब्रँच चेकआउट केलेली असते तिच्यावर गिट पुश घेत नाही, कारण घेतला तर तिथल्या फाइली आणि ब्रँच यांचा मेळ बसणार नाही.

याला मेमरी नगण्य लागते आणि डेटाबेस नसतोच, त्यामुळे बॅकअप म्हणजे एक फोल्डर. इश्यू आणि कोड रिव्ह्यू हवे झाले की वेबकडे वळा. याच रेपॉझिटऱ्या तिकडे जशाच्या तशा नेता येतात.

गिटी, फोर्जेयो की गिटलॅब?

ही तिन्ही गिट वेबवरून वापरायची सॉफ्टवेअरं आहेत. गिटलॅब या आकाराच्या बोर्डावर बसवू नका. त्याच्यासोबत पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस व बरेच काही चालतं. ४ जीबीचा बोर्ड नुसता बसून राहतानाच भरतो.

गिटी २०१६ साली गॉग्जपासून फुटून निघाली, आणि फोर्जेयो २०२२ च्या अखेरीस गिटीपासून. दोन्ही गो भाषेत आहेत, दोन्हींची एकच चालवायची फाइल असते आणि छोट्या टोळक्याला काहीशे एमबी मेमरीत भागतं. नव्याने सुरुवात करत असाल तर आमचा कल फोर्जेयोकडे आहे, कारण ते ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. गिटी आधीच चालू असेल आणि तक्रार नसेल तर हलायची घाई नाही. हलायचंच असेल तर मात्र आवृत्ती पाहून: गिटी १.२२ पर्यंतचा डेटा फोर्जेयो १० थेट उचलतं, त्यापुढच्या गिटीचा नाही.

बसवण्याचा क्रम काय?

डिस्क जोडा, फॉरमॅट करा, ‘एफएसटॅब’मध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) तिची ओळ यूयूआयडीने (डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) लिहा (‘एसडीए१’ असं नाव लिहू नका, दुसरी डिस्क जोडली की ते बदलू शकतं) आणि ‘नोएटाइम’ व ‘नोफेल’ हे पर्याय द्या. ‘गिट’ युजर तयार करा. फोर्जेयो किंवा गिटीची एआरएम-६४ ची बायनरी (चालवायची फाइल) उतरवून तिची सही तपासा, चालवण्याची परवानगी द्या, सिस्टिमडीची (प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस फाइल लिहा. मग ब्राउझरमधून पोर्ट ३००० वर जा.

पहिल्या पानावर डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट निवडा. या आकाराला पोस्टग्रेसची गरज नाही. त्याच पानावर प्रशासकाचं खातं तयार करा. ते रिकामं सोडलंत तर पहिला जो नोंदणी करील तो प्रशासक होतो. त्यानंतर ‘अ‍ॅप.आयएनआय’मध्ये (सेटिंगच्या फाइलीत) ‘डिसेबल_रजिस्ट्रेशन’ चालू करा. उघड्या नोंदणीचा सर्व्हर इंटरनेटवर ठेवला की जाहिरातींच्या रेपॉझिटऱ्या उगवायला वेळ लागत नाही.

‘रूट_यूआरएल’ हा लोक ब्राउझरमध्ये टाइप करतात तोच पत्ता हवा, पोर्ट आणि एचटीटीपीएससकट. तो चुकला की क्लोनचे दुवे चुकतात आणि लॉगिननंतर भलत्याच पानावर जायला होतं.

रीबूटनंतर सगळ्या रेपॉझिटऱ्या नाहीशा झाल्या, कोणालाच लॉगिन होत नाही!

घाबरू नका आणि मुख्य म्हणजे काही नव्याने तयार करू नका. बहुतेक वेळा डिस्क माउंटच झालेली नसते. ‘नोफेल’मुळे सिस्टिम डिस्कशिवाय पुढे गेली, सर्व्हिस सुरू झाली, तिला माउंटच्या जागी कार्डावरचं रिकामं फोल्डर दिसलं आणि तिने तिथे कोरा डेटाबेस बनवला. खरा डेटा डिस्कवर सुखरूप असतो.

सर्व्हिस थांबवा, ‘फाइंडमाउंट’ने पाहा, डिस्क माउंट करा, सर्व्हिस सुरू करा. पण दरम्यान कोणी त्या कोऱ्या सर्व्हरवर पुश केला असेल तर तो डेटा आता डिस्कच्या खाली झाकला गेला आहे: दिसत नाही आणि कार्डावरची जागा मात्र खातो. डिस्क उतरवून तो आधी बाजूला काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी. सर्व्हिस फाइलीत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ या ओळीत डिस्कचा मार्ग द्या, म्हणजे डिस्क नसेल तर सर्व्हिस उठणारच नाही. आणि डिस्क उतरवलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअ‍ॅट्र +आय’ चालवा. त्यात मग रूटलाही लिहिता येत नाही, आणि वर डिस्क माउंट व्हायला काही आडकाठी येत नाही.

पुश अर्ध्यात तुटतो. पोस्ट-बफर (एचटीटीपीने पाठवताना गिट वापरतं ती तात्पुरती मेमरी) वाढवू का?

इंटरनेटवर सगळीकडे हाच सल्ला मिळतो आणि बहुतेकदा तो निरुपयोगी असतो. आधी चूक नेमकी कोणती ते पाहा.

४१३ दिसत असेल तर मधला एनजिनेक्स (समोर ठेवलेला वेब सर्व्हर) अडवतोय. त्याची विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे, ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ वाढवा. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेतून येत असाल तर तिथे एका विनंतीला १०० एमबीची मर्यादा आहे आणि ती तुमच्या हातात नाही. एसएसएचने पुश केलात तर हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत.

‘सिग्नल ९’ दिसत असेल तर कर्नलने मेमरी संपल्यामुळे गिटला मारलं आहे. पॅक (ऑब्जेक्ट्सचा एकत्र गठ्ठा) तयार करताना गिट प्रत्येक कोअरसाठी वेगळा धागा चालवतं आणि प्रत्येक धागा स्वतःची मेमरी धरतो, शिवाय ‘पॅक.विंडोमेमरी’ला मुळात मर्यादाच नसते. सर्व्हरवर ‘पॅक.थ्रेड्स’ १ आणि ‘पॅक.विंडोमेमरी’ १०० एमबी करा. ‘कोअर.बिगफाइलथ्रेशोल्ड’ ५१२ एमबी असतो, तो ५० एमबीवर आणा, म्हणजे मोठ्या फाइलींमधले फरक शोधायच्या नादी गिट लागत नाही. पहिलं क्लोन थोडं रेंगाळेल, पण पुरं होईल.

एसएसएच की टाकली आहे, तरी परवानगी नाकारतो.

आधी पत्ता पाहा. सर्व्हरवर तुमचं नाव काहीही असो, एसएसएचला युजर ‘गिट’च असतो. मग त्या युजरच्या होम फोल्डरवर इतरांना लिहायची परवानगी नाही ना, ‘.एसएसएच’ ७०० आणि ‘ऑथराइज्ड_कीज’ ६०० आहे ना, ते तपासा.

ओळख पटते पण ‘रेपॉझिटरी अस्तित्वात नाही’ असं येतं, ही जास्त चकवणारी गोष्ट. गिटी आणि फोर्जेयो त्या फाइलीत प्रत्येक कीच्या आधी ‘कमांड=’ असा मजकूर घालतात, त्यावरून त्यांना कळतं कोण आलंय. तीच की तुम्ही पूर्वी हाताने टाकली असेल आणि ती ओळ वर असेल तर एसएसएच पहिली जुळणारी ओळ घेतं, तुम्ही थेट शेलमध्ये पोहोचता आणि गिट मार्ग भलतीकडे शोधतं. वरची ओळ काढून टाका.

क्लोन झालं, पण फोल्डर रिकामं.

सर्व्हरवरच्या हेडचं (मुख्य ब्रँच सांगणाऱ्या खुणेचं) बोट ‘मास्टर’कडे आहे आणि तुमची ब्रँच ‘मेन’ आहे. बेअर रेपॉझिटरीत ‘गिट सिम्बॉलिक-रेफ’ने हेड ‘रेफ्स/हेड्स/मेन’ वर वळवा.

बाहेरून कसं पोहोचायचं?

शक्यतो वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी मार्ग). एकच यूडीपी पोर्ट (रूढ ५१८२०) उघडावं लागतं, आणि की नसलेल्या माणसाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासत फिरणाऱ्यांना तिथे काही आहे हेही कळत नाही. एसएसएच ज्या पोर्टवर उघडं ठेवाल तिथे पासवर्ड आजमावणारे येतातच. ठेवायचंच असेल तर पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद करा.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटण्याच्या व्यवस्थेच्या) मागे आहात. पोर्ट फॉरवर्ड करून काहीही होणार नाही. मग आयपीव्ही६ मिळत असेल तर ते, नाहीतर टेलस्केलसारखी सेवा किंवा बाहेर भाड्याने घेतलेलं लहानसं व्हर्च्युअल मशीन मध्यस्थ म्हणून.

एचटीटीपीएससाठी समोर कॅडी हा वेब सर्व्हर ठेवा. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि नव्याने घेतो. सर्व्हर फक्त व्हीपीएनच्या आत असेल तरी डीएनएस-०१ पद्धतीने (डोमेनच्या नोंदीतून मालकी दाखवून) प्रमाणपत्र मिळतं, एकही पोर्ट न उघडता.

त्याच बोर्डावर सीआय (पुशनंतर आपोआप होणारे बिल्ड आणि चाचण्या) चालवू का?

नको. एक बिल्ड सुरू झाला की चारही कोअर आणि मेमरी तो खातो आणि इतरांचे पुश अडकतात. रनर (ते बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या मशीनवर ठेवा. तिथेही ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर डॉकर इमेज भलत्या प्रोसेसरची आहे.

टू-फॅक्टरचा कोड अचानक चुकीचा ठरतो.

घड्याळ. पाय ४ वर बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेल्यावर तो साधारण बंद पडल्याच्या वेळेपासून पुढे मोजतो आणि नेटवर्कवरून खरी वेळ घेतो. कोड ३० सेकंदांनी बदलतात, तेव्हा नेटवर्क येईपर्यंत थांबा. कमिटवरची वेळ यामुळे बिघडत नाही, ती लिहिणाऱ्याच्या मशीनवरून येते. पाय ५ वर घड्याळ आहे, बॅटरी तेवढी वेगळी लावावी लागते.

वीज गेल्यानंतर ‘ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे’ असं येतंय.

गिटने फाइल लिहिली, पण ती डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली. सुटी ऑब्जेक्ट्स डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबण्याची तसदी गिट आपणहून घेत नाही. रेपॉझिटरीची प्रत काढा, ‘गिट एफएससीके’ने रिकाम्या फाइली शोधून काढून टाका. ज्याचं क्लोन ताजं आहे त्याला ‘गिट जीसी’ चालवायला सांगा, आणि त्याच्या ‘ऑब्जेक्ट्स/पॅक’मधल्या फाइली सर्व्हरवरच्या त्याच फोल्डरात आणून ठेवा. पुन्हा एफएससीके. पुढच्या वेळेसाठी ‘कोअर.एफसिंक’ला ‘ऑल’ द्या. हे सेटिंग गिट २.३६ पासून आहे.

बॅकअप कसा घ्यायचा?

रेपॉझिटऱ्या, डेटाबेस, एलएफएस आणि जोडलेल्या फाइलींचं फोल्डर, ‘अ‍ॅप.आयएनआय’, आणि ‘/ईटीसी/एसएसएच’मधल्या होस्ट की. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. ‘अ‍ॅप.आयएनआय’मधली ‘सीक्रेट_की’ हरवली तर डेटाबेस असूनही टू-फॅक्टरची गुपितं उलगडता येत नाहीत. होस्ट की हरवल्या तर प्रत्येकाच्या मशीनवर ‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ अशी धमकीवजा सूचना येते आणि लोकांना ती डोळे मिटून पुसायची सवय लागते.

रात्री सर्व्हिस एखादं मिनिट थांबवून रेस्टिक किंवा बोर्गने दुसऱ्या डिस्कवर आणि एका बाहेरच्या ठिकाणी प्रत काढा. थांबवणं शक्य नसेल तर एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी करू नका, तिची ‘.बॅकअप’ कमांड वापरा. चालू असताना केलेली साधी कॉपी अर्धवट निघू शकते.

‘गिट क्लोन --मिरर’ला बॅकअप समजू नका. कोणी फोर्स-पुशने इतिहास उडवला तर पुढच्या फेरीत मिररही इमानेइतबारे तेच करतो. तारखेनिहाय प्रती हव्यात.

बोर्ड मेला. परत उभं कसं करायचं?

नवं कार्ड लिहा, होस्ट की परत ठेवा, ‘गिट’ युजर बनवा, डिस्क माउंट करा. युजरचा क्रमांक पूर्वीपेक्षा वेगळा निघाला तर डिस्कवरच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतील आणि गिट ‘डुबियस ओनरशिप’ म्हणून हात वर करील; ‘सेफ.डिरेक्टरी’ने ते दाबण्याऐवजी मालकी ‘चाउन’ने दुरुस्त करा. बायनरी जुन्याच आवृत्तीची घ्या, किंवा नवी. त्याहून जुनी नको, कारण डेटाबेस पुढच्या आवृत्तीत गेला की मागे येत नाही. मार्ग बदलले असतील तर ‘अ‍ॅडमिन रीजनरेट हुक्स’ आणि ‘अ‍ॅडमिन रीजनरेट कीज’ या दोन्ही कमांड चालवा. हुक राहिले तर पुश यशस्वी होतो, पण वेबवर नवा कमिट दिसत नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.